जर्मन सर्टिफिकेट कोर्सचं एक वर्ष आणि शुक्रवारचा भाषांतराचा तास

आमच्या कारखान्याच्या टूलरूममध्ये एक जुनं जर्मन सरफेस ग्राइंडर आहे, म्हणजे फिरत्या चाकाने धातूचा पृष्ठभाग घासून सपाट करणारं मशीन. त्याच्या पॅनलवर लाल, मशरूमसारखं बटण आहे आणि खाली रोमन लिपीत ठळक अक्षरं कोरलेली आहेत. पहिला शब्द एन, ओ, टी. दुसरा ए, यू, एस. दोन वर्षांपूर्वी नांदेडकडचा एक मुलगा हेल्पर म्हणून लागला. आयटीआय झालेला, हुशार, विचारून काम करणारा. पहिल्याच आठवड्यात त्याने मला विचारलं, "दादा, इथं नॉट लिहिलंय. म्हणजे हे बटण दाबायचं नाही ना?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. जेवढं इंग्रजी येत होतं त्यावर त्याने अर्थ लावला होता. मी त्याला लगेच सांगितलं की हे इमर्जन्सीचं बटण आहे, गडबड झाली की पहिलं हेच दाबायचं. पण तो शब्द तिथे का आहे हे मलाही सांगता आलं नाही. मी सतरा वर्षं टूलरूममध्ये आहे, आधी भोसरीला आणि आता चाकणला, आणि त्यातली अकरा वर्षं याच मशीनवर हात आहे. त्या रात्री झोप लागली नाही. जर्मनमध्ये 'नोट' म्हणजे संकट आणि 'आउस' म्हणजे बंद, हे पुढे कळलं. मशीनवरचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द आमची पोरं बरोबर उलटा वाचत होती.

मी बेचाळिसाव्या वर्षी जर्मन शिकायला गेलो तो यासाठी. पुण्यातल्या विद्यापीठाच्या सर्टिफिकेट कोर्सचं वर्ष नुकतंच संपलंय. बरेच जण मला विचारतात की खासगी क्लास लावू, ॲपवर शिकू की विद्यापीठात जाऊ. त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय. खाली काही तक्रारी आहेत, म्हणून संस्थेचं नाव लिहीत नाही.

आधी मी एका खासगी क्लासला गेलो होतो. सहा आठवड्यांत ए-वन, म्हणजे भाषेची पहिली पातळी, पुढे नोकरीची हमी, अशी जाहिरात होती. आठवडाभरात लक्षात आलं की शिक्षक जर्मन वाक्य लिहितात, इंग्रजीत अर्थ सांगतात आणि पुढे जातात. वर्गात पंचवीस जण, त्यातल्या वीस जणांचं शिक्षण मराठीतून झालेलं. जर्मन समजायला आधी इंग्रजीचा घाट चढायचा, मग पलीकडे उतरायचं. अर्धे जण घाटातच थांबले. मी तिसऱ्या आठवड्यात सोडलं. पैसे परत मिळाले नाहीत.

विद्यापीठाच्या कोर्सची वर्षाची फी त्या क्लासच्या दीड महिन्याच्या फीपेक्षा कमी होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. मी सुपरवायझरना सांगून दहा महिने पहिली पाळी मागून घेतली. तीनला सुटायचो, घरी येऊन अंघोळ करायची, चहा घ्यायचा आणि नाशिक फाट्यावरून पुढे शहरात. पावसाळ्यात दोनदा तास बुडाला तो ट्रॅफिकमुळे. बाकी एकही नाही.

बॅचमध्ये चौतीस जण. कॉलेजची मुलं-मुली जास्त. दोन नर्स, एक इलेक्ट्रिशियन, बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यानंतर असे कामधंद्याचे लोक वर्गात दिसायला लागले, असं आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. त्यांना या बदलाचा मनापासून आनंद होता. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं, "तुम्हाला जर्मन कशासाठी हवंय?" आणि उत्तरं वहीत लिहून घेतली. वर्षभर त्या वहीवरून उदाहरणं निघत राहिली. नर्सना दवाखान्याची वाक्यं, मला कारखान्याची.

सोमवार-बुधवारी पुस्तकाप्रमाणे चालायचं: ओळख करून देणं, हॉटेलात मागवणं, रेल्वेचं तिकीट, घर भाड्याने घेणं. हे नीट शिकवलं जातं, पण त्याबद्दल जास्त लिहीत नाही. हे कुठेही मिळेल. डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचा मोफत व्हिडिओ कोर्स आहे, तोही चांगला आहे. मी चहा पिताना रोज एक भाग बघायचो.

हा कोर्स करावा तो शुक्रवारच्या दुसऱ्या तासासाठी. तो भाषांतराचा तास.

मॅडमनी पहिल्याच शुक्रवारी नियम घातला. वाक्य जर्मनमधून थेट मराठीत आणायचं. मध्ये इंग्रजीत थांबायचं नाही, मनातही नाही. फळ्यावर एक वाक्य लिहिलं, 'मिअर इस्ट काल्ट'. कॉलेजच्या एका मुलाने आधी मनात इंग्रजी केलं आणि उलट जर्मन करून दाखवलं, 'इश बिन काल्ट', म्हणजे 'मी थंड आहे'. मॅडमनी विचारलं, "घरी आईला काय सांगता?" "मला थंडी वाजतेय." "मग 'मला' कुठे गेलं?" जर्मनमधलं 'मिअर' म्हणजेच आपलं 'मला'. चतुर्थी. थंडी मला वाजते, मी थंड होत नाही. आवडण्याचंही तेच. 'दास गेफेल्ट मिअर', ते मला आवडतं. शाळेत स, ला, ते पाठ केलेलं प्रत्येकाच्या डोक्यात असतं. ते इथे कामी आलं. जर्मनमध्ये चारच विभक्ती आहेत, प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी. आपण आठ शिकून आलोय. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ज्या गोष्टीची भीती वाटते ती आपल्या जिभेवर आधीपासून आहे.

त्याच तासाला एका नर्सने विचारलं की पेशंट 'मिअर इस्ट श्लेश्ट' म्हणाला तर काय समजायचं. शब्दाला शब्द ठेवला तर 'मला वाईट आहे' असं काहीतरी होतं. पेशंटला वाईट वाटतंय म्हणून तिने पाठीवर हात ठेवला असता. मॅडम म्हणाल्या, "तो 'मला मळमळतंय' म्हणतोय. आधी ट्रे आणायचा." त्या मुलीने ते वहीत लाल पेनाने लिहिलं. तिला पुढे बी-टू पातळीपर्यंत जायचंय, नर्सिंगसाठी सहसा तेवढी लागते. पण हे वाक्य पहिल्या वर्षीच हाती लागलं, याचं तिला किती बरं वाटलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

लिंगाचं सगळे घाबरवतात. डेअर, डी, दास, म्हणजे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी नामाआधी लावायचे शब्द. आम्ही निळ्या, लाल आणि हिरव्या पेनाने नामं लिहायचो. पण मराठी माणसाला तीन लिंगं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. तो, ती, ते. हिंदी बोलणाऱ्याकडे दोनच आहेत, इंग्रजीवाल्याकडे वस्तूंना तीही नाहीत. नामं जुळतातच असं नाही. चमचा तो, 'ल्योफेल'ही डेअर. पण सुरी ती, आणि 'मेसर' मात्र दास. सूर्य त्यांच्याकडे ती आणि चंद्र तो. हे पाठच करायचं, दुसरा रस्ता नाही. पण वस्तूला लिंग असतं आणि त्याप्रमाणे बाकी शब्द वळतात, हे आपल्याला दुधातून आलेलं आहे.

'मेडशेन' म्हणजे मुलगी, आणि ते दास, नपुंसकलिंगी. वर्गातल्या मुली नाराज झाल्या. मला काहीच वाटलं नाही. माझी आई कुडाळची. आमच्या मालवणीत मुलीला 'तां चेडू'च म्हणतात, गोव्याच्या कोंकणीतही चेडूं नपुंसकलिंगीच. मी ते सांगितलं तेव्हा मॅडम दोन मिनिटं थांबल्या, मला ते पुन्हा म्हणायला लावलं आणि फळ्यावर लिहिलं: वासरू, कोकरू, पिल्लू, लेकरू, चेडू. सगळी लहान, सगळी 'ते'. जर्मनमध्ये 'शेन' हा लहानपण दाखवणारा प्रत्यय आहे. तो लागला की नाम दास होतं, मग ते कोणाचंही असो. आईच्या बोलीतला शब्द विद्यापीठाच्या फळ्यावर जर्मन व्याकरण समजवायला उभा राहिला. घरी जाऊन मी आईला फोन केला आणि हे सांगितलं. ती म्हणाली, "मगे, आमचा कायच चुकीचा नाय हा."

उच्चाराचंही सांगतो, कारण तिथेही आपण पुढे आहोत. जर्मन झेड अक्षराचा उच्चार इंग्रजीसारखा नाही. तो आपल्या चुलीतला च, चाकातला च. दात आणि जिभेतून येणारा. 'त्स्वाय' म्हणजे दोन, 'त्सिमर' म्हणजे खोली. हिंदी माध्यमातून आलेला एक मुलगा महिनाभर त्यावर अडला होता. मराठी मुलांना तो एका वाक्यात कळला. व्ही अक्षर बहुतेक मूळ जर्मन शब्दांत फ होतं आणि डब्ल्यू आपला व, एवढं एकदा डोक्यात बसवलं की बाकी भाषा बरीचशी जशी लिहिली तशी वाचता येते.

आकडे सगळ्यांना कठीण जातात. मला ते सगळ्यात सोपे गेले. 'फ्युन्फ-उंड-त्स्वांत्सिश', पाच आणि वीस. पंचवीस. आपणही एकक आधी म्हणतो आणि दशक नंतर. फोन नंबर लिहून घेताना इंग्रजीतून विचार करणारी मुलं बावन्नचे पंचवीस करत होती.

वेळेचा एक प्रसंग माझ्या कामावरचा आहे. कोर्स सुरू व्हायच्या आधीच्या वर्षी नवं मशीन बसवून सुरू करून द्यायला एक जर्मन इंजिनिअर आले होते. त्यांचं इंग्रजी बेताचं. निघताना म्हणाले, "उद्या हाफ एट." आमच्या इंजिनिअरने ते साडेआठ धरलं, ब्रिटिश लोक तसंच म्हणतात. पाहुणे साडेसातला गेटवर उभे होते, आत न्यायला कोणी नाही, सिक्युरिटीकडे पास नाही. तासभर उभे राहिले. कोणी कोणाला बोललं नाही, पण दिवस तिथेच बिघडला. 'हाल्प आख्ट' म्हणजे आठच्या वाटेवर अर्धा तास झालेला, म्हणजे साडेसात. हे शुक्रवारच्या तासाला शिकलो तेव्हा मला तो गेट डोळ्यांसमोर आला. मॅडमनी त्याच्या बाजूला आपले शब्द लिहिले. 'फिअर्टेल नाख झीबेन', सव्वासात. 'फिअर्टेल फोर आख्ट', पावणेआठ. इंग्रजीतून समजवायला तीन वाक्यं लागतात, मराठीत एक शब्द पुरतो.

आणि मग त्यांनी फळ्यावर 'आंडर्टहाल्प' लिहिलं. म्हणजे दीड. यातल्या 'आंडर'चा जुना अर्थ दुसरा आणि 'हाल्प' म्हणजे अर्धा, म्हणजे दुसरा अर्धा भरलेला. आपला दीड शब्द संस्कृतातल्या द्व्यर्धवरून आला, त्याचीही घडण तीच. अडीच आला अर्धतृतीयवरून, तिसरा अर्धा. जुन्या जर्मनमध्ये अडीचला 'ड्रिटहाल्प' म्हणायचे, तिसरा अर्धा. तो शब्द आता वापरात नाही. दुकानात दीड किलो साखर मागताना मला अजून तो तास आठवतो. हे कुठल्याही ॲपने मला सांगितलं नसतं.

भाषांतराच्या तासाचे उतारे छोटेच असतात, आठ-दहा ओळींचे. पहिल्या वर्षाला त्याहून जास्त झेपत नाही. त्यातला एक उतारा असा होता की एक मुलगा रविवारी टांटे इंगे जेवायला येणार असल्याचं लिहितो. आमच्या निम्म्या वर्गाने 'इंगे आंटी' लिहिलं. मॅडमनी तो शब्द खोडला. "मराठी घरात जेवायला आंटी येते का? कोण आहे ही?" उताऱ्यात दोन ओळी वर आईची बहीण असा उल्लेख होता. म्हणजे मावशी. पुढच्या उताऱ्यात ती बाबांची बहीण निघाली, तेव्हा आत्या. जर्मनमध्ये एकच शब्द, आपल्याकडे मावशी, आत्या, काकू, मामी. भाषांतर करताना आधी ते घर समजून घ्यावं लागतं. कधी उलटंही होतं. 'गेश्विस्टर' म्हणजे भाऊ-बहिणी मिळून एक शब्द. मराठीत भावंडं आहेच, आणि रोजच्या बोलण्यातला आहे.

उताऱ्यातल्या त्याच मुलाने आजोबांना 'डू' म्हटलं होतं, म्हणजे तू. कॉलेजच्या मुलाने 'आजोबा, तू कधी येणार?' असं लिहिलं. जर्मन घरात सगळ्यांना डू. मराठी घरात आजीला तू आणि आजोबांना तुम्ही, निदान आमच्याकडे तरी. यावर अर्धा तास वाद झाला. बँकेतल्या काकू म्हणाल्या, हल्ली नातवंडं आजोबांनाही तू म्हणतात, त्यांच्या घरात म्हणतात. मॅडमनी निकाल दिला नाही. प्रत्येकाने आपलं लिहावं, पण का ते खाली एका ओळीत लिहावं, असं सांगितलं. मी 'तुम्ही' लिहिलं.

उताऱ्याच्या शेवटी सगळे जेवायला बसतात आणि आई म्हणते, 'गूटेन आपेटिट'. शुभ भूक, चांगली भूक, जेवणाचा आनंद घ्या, असं काय काय लिहून झालं. काकूंनी वहीतून मान वर केली आणि म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या." वर्ग एकदम शांत झाला. पंगतीत यजमान हेच म्हणतो. त्यात भूकही नाही आणि शुभही नाही, पण त्या क्षणी तोंडातून जे निघतं ते हेच. मॅडमनी फळ्यावर फक्त तेवढंच ठेवलं, बाकी पुसून टाकलं.

छोट्या शब्दांचं आणखी एक सांगायला हवं. माल, डोख, डेन. पुस्तकात यांच्यापुढे अर्थ लिहिलेला नसतो किंवा इतके लिहिलेले असतात की काही कळत नाही. मराठीत मात्र ते सगळे आहेत. 'झाग माल' म्हणजे सांग बघू. 'कोम डोख' म्हणजे ये की. कोणी विचारलं, तू येणार नाहीस? तर 'डोख' म्हणजे येणार की. 'वास माख्स्ट डू डेन?' म्हणजे काय करतोयस तरी काय? आपले ना, की, बघू, तरी हे शब्द कुणी आपल्याला शिकवले नाहीत. ते काढून टाकले तर वाक्य बरोबर राहतं पण माणूस बोलतोय असं वाटत नाही. जर्मनचंही तसंच आहे.

आता तक्रारी.

वर्गातला स्पीकर वर्षभर खरखरत होता. ऐकण्याचा सराव मागच्या बाकांना मिळालाच नाही. दोनदा अर्ज दिला, आश्वासन मिळालं. चौतीस जणांत प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला दोन मिनिटं येतात. बोलण्याची तयारी घरी स्वतःच करावी लागते. ग्रंथालय संध्याकाळी पाचला बंद होतं, म्हणजे नोकरी करून संध्याकाळच्या बॅचला येणाऱ्याला ते जवळजवळ नाहीच. जर्मन-मराठी शब्दकोश वर्गात हाताशी नव्हता. डूडेन होता, तो जर्मनमधून जर्मन. त्याची पहिली आवृत्ती १८८० सालची, आजही शुद्धलेखनासाठी जर्मन लोक तोच उघडतात, पण पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्याने त्यात किती पोहायचं? शब्दांच्या याद्या मॅडम स्वतः मराठीत लिहून झेरॉक्स करून आणायच्या. तो त्यांचा चांगुलपणा, पण व्यवस्था संस्थेने करायला हवी.

सगळ्यात मोठी खंत परीक्षेची. वर्षभर जर्मनमधून मराठीत शिकलो आणि वार्षिक परीक्षेत उतारा आला तो इंग्रजीत भाषांतर करण्यासाठी. दहा गुणांचा. मराठीत करता येईल का असं विचारलं तर तशी सूचना नाही म्हणाले. मला सहा गुण मिळाले. उतारा मला पूर्ण कळला होता. निकाल तीन महिने उशिरा लागला, त्यामुळे इलेक्ट्रिशियन मित्राचा एक अर्ज हुकला. हे बदलावं अशी माझी मनापासून विनंती आहे.

आणखी एक गोष्ट, प्रवेश घेतानाच विचारून घ्या. परदेशी नोकरी किंवा व्हिसासाठी बहुतेक वेळा गोएथे इन्स्टिट्यूटची किंवा तशाच मान्यताप्राप्त संस्थेची परीक्षा लागते. विद्यापीठाचं प्रमाणपत्र तिथे चालेलच असं धरू नका. गोएथेच्या ए-वनमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात आणि शंभरात साठ गुण मिळवावे लागतात. आमच्या बॅचमधल्या दोघींनी या कोर्सनंतर ती दिली आणि दोघी पास झाल्या. त्यात भाषांतराचा प्रश्न नसतो. तरी त्या दोघीही सांगतात की शुक्रवारच्या तासाने वाक्य उघडून बघायची सवय लावली.

मोबाइलवर भाषांतर होतं, मग शिकायचं कशाला, हा प्रश्न मला कारखान्यात रोज ऐकू येतो. मी मोबाइल वापरतो. सरळ वाक्यं तो चांगली करतो. पण मॅन्युअलमध्ये दोन-तीन शब्दांच्या तुटक ओळी असतात आणि तिथे तो चाचपडतो. मी वर्गात एक ओळ नेली होती, 'मुटर आनत्सीएन'. मुटर म्हणजे आई. मुटर म्हणजे नटही. आनत्सीएन म्हणजे कपडे घालणं, आणि आवळणंही. कॉलेजच्या मुलांनी लिहिलं, आईला कपडे घाला. मी आणि इलेक्ट्रिशियनने लिहिलं, नट आवळा. सगळे हसले, मग मॅडमनी अनेकवचन दाखवलं. आई अनेक असतील तर 'म्युटर', नट अनेक असतील तर 'मुटर्न'. फरक तिथे कळतो. 'श्ल्युसेल' म्हणजे किल्ली आणि पानाही. 'फुटर' म्हणजे गुरांचा चारा, कोटाचं अस्तर आणि लेथचा चक, म्हणजे जॉब पकडून ठेवणारा भाग. हे शब्द कुठल्या कागदावर आहेत ते बघून अर्थ ठरतो. आणि 'गिफ्ट' लिहिलेला डबा कोणी भेटवस्तू समजून उघडू नये. त्याचा अर्थ विष. केमिकल स्टोअरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला हा एक शब्द माहीत असायलाच हवा.

शेवटच्या महिन्यात मॅडमनी प्रत्येकाला आपल्या कामातलं काहीतरी भाषांतर करून आणायला सांगितलं. मी ते लाल बटण नेलं. म्हणजे फोटो नेला. दोनच शब्द, नोट-आउस. एका मुलीने 'संकटकालीन विराम' सुचवलं, दुसऱ्याने 'आपत्कालीन बंद'. मॅडमनी मला विचारलं, "हे कोण वाचणार आणि कधी?" मी सांगितलं, हातमोजा घातलेला हात व्हीलजवळ आहे, काहीतरी अडकलंय, एक सेकंद आहे. नर्स म्हणाली, "आम्ही वॉर्डात इमर्जन्सीच म्हणतो. दुसरा शब्द त्या वेळी आठवत नाही." आमच्या शॉपवरही इमर्जन्सी हाच शब्द आहे, नांदेडच्या मुलालाही तोच येतो. मी लिहिलं, 'इमर्जन्सी: दाबा, मशीन बंद'.

ते आम्ही सेफ्टी विभागाकडून मंजूर करून घेतलं आणि पिवळ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत लावलं. त्यानंतर नव्या सीएनसीची, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनची, पट्टी करायची होती. तिच्यावर 'नोट-हाल्ट' लिहिलेलं आहे. मी तीच पट्टी तिथेही चिकटवणार होतो, पण आउस म्हणजे बंद आणि हाल्ट म्हणजे थांबा, हे आता डोक्यात पक्कं होतं. आमच्या मेंटेनन्सवाल्याला घेऊन वायरिंग बघितलं. जुन्या ग्राइंडरचं बटण मेन कॉन्टॅक्टरच, म्हणजे विजेचा मुख्य स्विचच, पाडतं, वीज तुटते. नव्या मशीनवर बटण दाबलं की हालचाल थांबते, पण पॅनलमध्ये सप्लाय राहतो. म्हणून तिथली पट्टी वेगळी केली. वरच्या ओळीत 'इमर्जन्सी: दाबा, मशीन थांबतं' आणि खाली लाल अक्षरांत 'पॅनलमध्ये वीज असते'.

डिप्लोमाच्या वर्षाचा फॉर्म मी भरलाय. संध्याकाळची बॅच घेणार असाल तर लवकर जा आणि स्पीकर दुरुस्त होईपर्यंत पुढच्या दोन बाकांवर बसा.